पांढऱ्या टाचेचे मोजे

मी विणलेल्या मोज्यांच्या पहिल्या जोडीला उजव्या टाचेवर रुपयाएवढं भोक पडलं, आणि त्या भोकाखाली आबांची टाचही तेवढीच सोलवटली. आबा म्हणजे माझे सासरे. पंधरा दिवस डोंगरात फिरून ते शहाद्याला घरी आले, ओट्यावर बसून त्यांनी बूट काढले, तेव्हा मोजा टाचेला चिकटून बसला होता. सासूबाईंनी कोमट पाणी सोडून तो हळूहळू मोकळा केला. मी दाराआड उभी होते. परातीतलं पाणी लाल होताना मी पाहिलं, आणि तशीच चुलीपाशी जाऊन बसले.

माझं लग्न होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट.

आबांची नोकरी सरकारी होती, देवी काढण्याची, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचण्याची. लोक त्यांना देवी-डॉक्टर म्हणत, पण डॉक्टर ते नव्हते. घरची शेती थोरल्या भावाकडे सोपवून ते तरुणपणीच या कामाला लागले होते. उन्हाळ्यात लस टिकत नाही, म्हणून हे काम थंडीतलं. दिवाळी झाली की लशीची पेटी घेऊन ते सातपुड्यात चढायचे. धडगावाकडची गावं, तोरणमाळाच्या अंगाची गावं, पार नर्मदेच्या काठावरच्या मणिबेलीपर्यंत. घोडं जाईल तिथपर्यंत घोड्यावर, पुढे पायी. पेटी वाहायला बरोबर डोंगरातल्या पावरा जमातीचा एक गडी असायचा, आबांच्याच वयाचा. दोघांनी वीस थंड्या एकत्र काढलेल्या होत्या.

मी त्या घरात येण्याच्या आदल्या वर्षी आबांना साखरेचा रोग निघाला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ते तापवलं, तर त्याचा रंग विटेसारखा झाला. आबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी त्याच दिवशी गुळाची ढेप आपल्या थोरल्या दिरांच्या घरी पोचती केली. डॉक्टर बाहेरगावचे होते, बोलायला फटकळ. त्यांनी आबांना बजावलं होतं की या रोगात पायाला जखम होऊ द्यायची नाही, झाली तर ती भरत नाही. डोंगरात वहाणा घालून फिरणं बंद. बूट घालायचे आणि आत जाड मोजे.

बूट आबांकडे होते. मोज्यांची पंचाईत होती. नंदुरबारच्या बाजारात मिळायचे ते सुती, पातळ, बाबू लोकांचे. डोंगरात चार दिवसांत त्यांची जाळी व्हायची.

माझं माहेर नंदुरबारचं. तिथल्या मुलींच्या शाळेत आमच्या बाईंनी मला चार सुयांवर मोजे विणायला शिकवलं होतं. शाळेत मी विणलेला मोजा काचेच्या कपाटात ठेवला होता, त्याचा मला भारी अभिमान. म्हणून लग्नानंतर घरात मोज्यांचा विषय निघाला तेव्हा मी नवऱ्याकरवी निरोप धाडला की मोजे मी विणते. निरोप म्हणण्याचं कारण, मी आबांशी बोलत नसे. सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढून जायचं आणि बोलायचं झालं तर सासूला सांगायचं, अशी आमच्याकडची रीत होती. आठ महिन्यांत त्यांचा माझा एक शब्द झाला नव्हता. मोजे मिळाल्यावर त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि सासूबाईंना म्हणाले की सून शिकलेली आहे. एवढ्यावर मी महिनाभर खूश होते.

आणि त्याच मोज्यानं त्यांचा पाय सोलून काढला.

मला कोणी बोललं नाही. सासूबाई तर उलट म्हणाल्या, “पोर, तुन्हा काय दोष शे? लोकर ती, झिजनीच.” पण मला ते पटेना. भोकाच्या कडेला लोकर गुंडाळून तिची बारीक कडक गाठ झाली होती, आणि ती गाठच टाचेत घुसली होती. मोजा नसता तर बुटानं एवढं केलं नसतं, असं मला वाटायचं. डॉक्टर एक दिवसाआड येऊन पट्टी बदलत. एकदा त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की कडा काळ्या पडायला लागल्या तर धुळ्याला न्यावं लागेल, आणि तिथे पाय घोट्यावर ठेवतील की गुडघ्यावर, हे ते आत्ता सांगू शकत नाहीत. तळोद्याला आबांच्याच खात्यातले एक गृहस्थ होते, त्यांचा पाय असाच गेला होता. ते कुबडीवर आबांना भेटायला आले. तासभर बसले, पिकापाण्याचं बोलले, पायाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या धोतराची रिकामी बाजू पाटावर नीट घडी करून ठेवलेली दिसली.

जखम भरायला अडीच महिने लागले. होळीच्या सुमारास डॉक्टर म्हणाले की या वेळी सुटलात. पण पुन्हा सुटाल असं धरून चालू नका.

पेन्शनीला आबांची दोन वर्षं उरली होती. म्हणजे अजून दोन थंड्या डोंगर चढायचा होता. घरात सगळ्यांना ते कळत होतं, पण कोणी बोलत नव्हतं. माझ्या मनानं मात्र घेतलं की पुढच्या दिवाळीच्या आत मला न फाटणारा मोजा विणता आला पाहिजे.

आधी मी जुनीच जोडी दुरुस्त करायला घेतली. शाळेत शिकवल्याप्रमाणे भोकावर आडवे-उभे धागे घालून जाळी विणली. दिसायला सुरेख झालं. आबा तो मोजा घालून बाजारापर्यंत जाऊन आले, तर दुरुस्तीच्या जागी पायावर लाल वळ. डॉक्टरांनी वळावर बोट ठेवून म्हटलं, “मोजा फाटका नको आणि मोज्यात उंचवटाही नको. सूनबाईंना सांगा, सोपं नाही हे.”

मग मी राकट लोकर आणवली. थंडीत ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन आमच्या शेतात उतरत, त्यांच्या बायकांनी कातलेली. घोंगडीची लोकर, ती दहा वर्षं फाटत नाही. पण या वेळी आबांच्या पायावर प्रयोग करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. माझा नवरा लोणखेड्याच्या शाळेत मास्तर होता, रोज पायी जायचा आणि पायी यायचा. मी त्याला सांगितलं की आजपासून बूट घालायचे, डाव्या पायात शहरी लोकरीचा मोजा आणि उजव्यात ठेलाऱ्यांच्या लोकरीचा. चैत्रातलं ऊन. वर्गातली पोरं त्याच्या पायांकडे बघून हसतात, असं तो सांगायचा, पण घालायचा. आठवड्यानं त्यानं दोन्ही मोजे माझ्यापुढे ठेवले.

“डावा पाय चालस, उजवा भांडस,” तो म्हणाला. उजवा मोजा जसाच्या तसा होता, पण त्या पायाची टाच खाजवून खाजवून लाल झाली होती. डावा मऊ, पण टाचेवर विरत चाललेला. दोन्ही माझ्या कामाचे नव्हते.

पुढचे दोन महिने मी विणत होते आणि उसवत होते. बारीक सुया घेऊन टाके घट्ट केले, तर मोजा फळकुटासारखा कडक झाला. टाचेत शिवणकामाचा रिळाचा दोरा लोकरीबरोबर विणून पाहिला. वाटलं, आता जमलं. नवऱ्यानं दहा दिवस घातला आणि अकराव्या दिवशी मी मोजा उजेडात धरला, तर त्या बारीक कडक दोऱ्यानं शेजारची लोकर करवतीसारखी कापत नेली होती. दोरा शाबूत आणि लोकर नाही. त्या दिवशी मी सुया गाठोड्यात बांधून फडताळावर टाकल्या.

त्या गाठोड्याकडे मी पुन्हा वळले ती चाचीमुळे. आमच्या मागच्या गल्लीत एक पटवेकऱ्यांचं घर होतं. दागिने रेशमात गाठवायचे, मण्यांच्या माळा ओवायच्या, करदोडे वळायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. घरातली म्हातारी सगळ्या गल्लीची चाची होती. लग्नसराईच्या आधी ती घरोघर येऊन बायकांचे दागिने नव्यानं ओवून द्यायची. त्या ज्येष्ठात ती आमच्या सोप्यात सासूबाईंची पुतळ्यांची माळ घेऊन बसली होती. माळ तुटलेली नव्हती. तरी ती सगळी उसवत होती. मी विचारलं, धड आहे तर का तोडता?

तिनं मला जवळ बोलावून माळेतला धागा दाखवला. पुतळीच्या कडीपाशी तो केसाएवढा झाला होता, बाकी सगळीकडे भरलेला. “तुटनी म्हंजे मी चुकनू,” ती म्हणाली. “तुटनाआधी देखनं पडस.”

मग मी तिला मोज्याची सगळी कथा सांगितली. नवऱ्याचे, आबांचे, फाटके, उसवलेले सगळे मोजे आणून तिच्यासमोर टाकले. तिनं एकेक हातात घेऊन बोटांनी चाचपले. शिवणाचा दोरा घातलेला मोजा पाहून तिनं मान हलवली. कडक माणूस आणि मऊ माणूस एका घरात ठेवले तर मऊ माणसाचं काय होतं, असं काहीसं ती सासूबाईंकडे बघून बोलली आणि दोघी हसल्या. मग आबांचा तो पहिला मोजा तिनं बराच वेळ धरून ठेवला.

“बेटी, कोठे फाटना हाई देखू नको. कोठे घसाई ऱ्हायना ते देख.”

मला आधी कळलं नाही. दुरुस्तीची जाळी मी केव्हाच उसवून टाकली होती; तिनं उघड्या भोकाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. नवऱ्याचे मोजे टाचेच्या खाली, जमिनीला लागतात तिथे विरले होते. आबांचा मोजा तिथे धड होता. त्याचं भोक मागे होतं, आणि थोडं वर. जमीन तिथे लागत नाही. तिथे लागतो तो बूट.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. मी सासूबाईंना म्हटलं, त्यांचा उजवा बूट मला बघायला हवा, विचारा ना. त्या आत-बाहेर करून थकल्या होत्या, त्या दिवशी मी त्यांना चार निरोप दिले होते. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मी काय टपाल शे का? तुले जे इचारनं शे ते तूच इचार.”

मी पदर पुढे ओढून ओट्याच्या उंबऱ्याशी गेले. मांडीवर वर्तमानपत्र पसरून आबा बसले होते. “आबा,” मी म्हटलं, “तुमना जोडा देखनं शे.” त्यांनी वर पाहिलं. मी बोलले याचं नवल त्यांना वाटलं असेल, पण त्यांनी दाखवलं नाही. कोपऱ्यातला बूट उचलून माझ्यापुढे ठेवला.

मी बुटात हात घातला आणि मागच्या बाजूनं बोटं वर नेली. टाचेच्या मागे चामडं दुमडलं होतं, आणि त्या घडीत एका खिळ्याचं टोक वर आलेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. माझ्या बोटाला ते टोचून रक्ताचा थेंब आला. मी बोट त्यांना दाखवलं आणि विचारलं, हे तुम्हांला टोचलं नाही?

मग बूट माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःचं बोट आत घातलं, आणि त्यांनाही ते टोचलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. आवाज खाली आणून म्हणाले, “माले त्या पायमा काही समजत नही. खिळा टोचस का काटा, सारखंच शे. पाय जसा दुसरान्हा शे.”

किती दिवसांपासून, हे मी विचारलं नाही. पंधरा दिवस तो खिळा त्यांच्या टाचेत जात होता आणि ते चालत होते. आधी मोजा झिजला, मग कातडं. आणि मी समजत होते की मोज्याच्या गाठीनं जखम झाली.

“तुन्ही सासूले सांगू नको,” ते म्हणाले.

मी एरवी हो म्हटलं असतं. तोवरच्या आयुष्यात मोठ्या माणसांना मी दुसरं काही म्हटलंच नव्हतं. पण तो थेंब अजून माझ्या बोटावर होता. मी म्हटलं, नाही सांगत, पण एका अटीवर. डोंगरात रोज दिवस मावळायच्या आत बूट-मोजे काढायचे आणि दोन्ही पाय नीट पाहायचे. एकही दिवस चुकवायचा नाही.

“पाहिसन काय समजी?” ते म्हणाले. “धूळ, माटी, मोजा काळा. काही दिसत नही.”

“दिसी,” मी म्हटलं. कसं दिसेल ते मला त्या क्षणी माहीत नव्हतं. पण रात्री भाकरी थापताना ते सुचलं, आणि सकाळी मी चाचीकडे गेले.

मला रेशीम हवं होतं, पण न रंगवलेलं. चाचीच्या घरात लाल, हिरवं, काळं रेशीम खुंट्यांवर लोंबत होतं, आणि टोपलीत रंगाची वाट बघत असलेल्या पांढऱ्या लडी होत्या. तिनं त्यांतली एक काढून बोटांवर ताणली, माझ्या लोकरीच्या धाग्याशेजारी धरून जाडी पाहिली, आणि तिच्याच चातीवर दोन पदरांचा सैल पीळ दिला. रेशीम लोकरीला कापत नाही, लोकरीबरोबर दबतं आणि घासलं तरी लवकर तुटत नाही, हे तिचंच सांगणं. बदल्यात तिनं नातवासाठी कानटोपी मागितली. ती मी आधी विणून दिली.

मोज्याचा पाय मी राखाडी लोकरीचा केला. टाच आणि चवडा पांढऱ्या लोकरीचा, आणि त्याबरोबर ते पांढरं रेशीम. टाचेत एक टाका विणायचा आणि पुढचा न विणता तसाच उचलायचा, परतताना सगळे विणायचे. असं केलं की मागे धाग्याचा दुसरा थर बसतो, टाच जाड होते पण उंचवटा येत नाही. टाचेच्या मागची ही बाजू मी शाळेत शिकवल्यापेक्षा दोन बोटं वर नेली, जिथे बूट घासतो तिथपर्यंत. धागा संपला की गाठ मारायची नाही, जुना आणि नवा धागा दहा टाके बरोबर चालवायचा. अशा तीन जोड्या मी गणपतीपर्यंत पुऱ्या केल्या. रक्ताचा, पुवाचा एक ठिपका जरी लागला तरी पांढऱ्यावर तो लपणार नव्हता.

धुण्याचीही एक गोष्ट निघाली. सासूबाई मोजे बाकीच्या कपड्यांबरोबर दगडावर आपटत असत. निम्मी लोकर तिथेच मरत होती. रिठ्याच्या पाण्यात बुडवून नुसते दाबायचे आणि सावलीत वाळवायचे, हे मी त्यांना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तूच धू. तेवढ्यावर भागलं.

नवऱ्यानं एक जोडी महिनाभर लोणखेड्याला घातली. महिन्याअखेर मी ती दिव्यासमोर धरली तर टाचेतून उजेड येत नव्हता. मोच्याकडून आबांच्या बुटांचे खिळे काढून आत मऊ चामड्याचं अस्तर लावून घेतलं होतं. दिवाळीनंतर आबा निघाले. अंगणात त्यांनी पावऱ्या गड्याला मोज्यांची पुरचुंडी दिली आणि ती लशीच्या पेटीसारखी सांभाळायला सांगितली. माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली.

वीस दिवसांचा फेरा होता. पहिला आठवडा मी कामात काढला. मग मला काही सुचेना. दूध उतू जायचं, भाकरी करपायची. नवऱ्याला काही माहीत नव्हतं, सासूबाईंना काही माहीत नाही असं मी धरून चालले होते, त्यामुळे बोलायला कोणी नव्हतं. विसावा दिवस गेला, एकविसावा गेला. बाविसाव्या दिवशी तळोद्याहून आलेल्या एका गाडीवाल्यानं सांगितलं की देवी-डॉक्टर मणिबेलीला एका घरात पडून होते, असं त्यानं बाजारात ऐकलं. का पडून, ते त्याला ठाऊक नव्हतं. नवरा दुसऱ्या दिवशी घोडं घेऊन निघणार होता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, जेवणं व्हायच्या आत, दारात बैलगाडी उभी राहिली. मी सगळी रीत विसरून अंगणात धावले आणि पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय गाडीखाली लोंबत होते, बुटांत. आबा स्वतः उतरले. चालत ओट्यावर आले. लंगडत नव्हते.

बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि उजव्या पायाचा मोजा माझ्या हातात दिला. पांढऱ्या चवड्यावर तपकिरी डाग होता, बोराएवढा. माझे डोळे भरून आले, मला नीट दिसेना. ते म्हणाले, “आते पाय देख.”

अंगठ्याखाली एक सुकलेली खूण होती, खपली पडून गेलेली, कोवळं कातडं आलेलं. बाकी पाय कोरा.

मग त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. नवव्या दिवशी मणिबेलीच्या अलीकडे एक लांब काटा बुटाच्या तळातून आत शिरला होता. त्यांना कळलं नाही, ते दुपारभर चालले. दिवस मावळायच्या आधी ठरल्याप्रमाणे बूट काढले तर पांढऱ्यावर लाल ठिपका. पावऱ्या गड्यानं तिथेच काटा उपटला, पाय उकळलेल्या पाण्यानं धुतला. मणिबेलीच्या एका घरानं त्यांना पडवी दिली आणि ते पाय वर करून पाच दिवस पडून राहिले. गावातल्या लोकांनी पोरं तिथेच आणली, आबांनी खाटेवर बसून देवी काढल्या. जखम सुकली तेव्हाच पुढे निघाले.

“तुन्ही पांढरी टाच माले जे सांगस ते मन्हा पाय सांगत नही,” ते मला म्हणाले. डाग चवड्यावर होता, टाचेवर नव्हता, पण ते टाचच म्हणाले, आणि पुढे त्यांनी त्या मोज्यांना तेच नाव दिलं.

पाय बधिर आहे हे असं उघड झालं. मी सासूबाईंकडे पाहायचं टाळत होते, कारण मी त्यांच्यापासून ते लपवलं होतं. त्या परातीत पाणी ओतत होत्या.

“माले दोन सालपासून माहीत शे,” त्या म्हणाल्या. “चुलान्हा निखारावर पाय दिना व्हता, तरी तुमी हालनात नही.” आणि त्या खाली बसून त्यांचे पाय धुवायला लागल्या.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी खूण पाहिली, मोजा पाहिला, टाच दोन्ही हातांनी ताणून पाहिली. कुठे विरली नव्हती. त्यांनी मला विचारलं की तळोद्याच्या त्यांच्या आणखी दोन रोग्यांसाठी असे मोजे विणून द्याल का. मी हो म्हटलं.

आबांनी ती थंडी पुरी केली आणि पुढचीही. पेन्शन घेतल्यावर ते बारा वर्षं जगले, आणि दोन्ही पायांवर चालत शेतावर जात राहिले. त्या दोन थंड्यांत मी सहा जोड्या विणल्या, चार झिजल्या, एकही पायात फाटली नाही, कारण टाच केसाएवढी पातळ झाली की मी आधीच ती उसवून नवी घालत असे. आबांशी मी त्या दिवसानंतर सरळ बोलायला लागले. शेजारच्या बायकांनी त्यावर तोंडं वाकडी केली, सासूबाईंनी केली नाहीत.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर मी भांडी घासायला म्हणून परसात गेले होते. अंगात एकदम काही त्राण उरलं नाही. आत येऊन धान्याच्या कणगीशेजारी, नुसत्या जमिनीवर, हात उशाला घेऊन आडवी झाले. सून दिवसाउजेडी झोपते हे त्या घरात कधी घडलेलं नव्हतं. झोपेत मला आबांचा आवाज आला, त्यांना चहा हवा होता, आणि सासूबाई म्हणाल्या, “निजू द्या तिले.” मग चुलीत फुंकण्याचा आवाज आला. मला उठायला हवं होतं, पण मी उठले नाही. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते, भाकऱ्या झालेल्या होत्या आणि माझ्या अंगावर कोणी तरी सासूबाईंची जुनी गोधडी घातलेली होती.